पाण्याचा सीन

आमच्या अकोल्याच्या नाट्यमंडळाच्या पत्रिकेत त्यांचं नाव शेवटून दुसरं यायचं. शेवटचं प्रकाशयोजनेचं. तीस वर्षांत मंडळाचे तीन अध्यक्ष झाले, पत्रिका फडफडीत हँडबिलावरून गुळगुळीत आर्टपेपरवर गेली, पण ही जागा काही हलली नाही. 'गडी', आणि पुढे त्यांचं नाव. माझं नाव वरून पहिलं, फार तर दुसरं. 'वकीलसाहेब', 'रावबहादूर', 'दादासाहेब'. म्हणजे तीस वर्षं मी मालक होतो आणि ते माझे नोकर होते. ते गेले त्याला आता वर्ष होईल. अजूनही सून चहा घेऊन आली की मी मान न वळवता हात पुढे करतो आणि मग ओशाळतो.

रंगमंचाच्या बाहेर प्रकरण उलटं होतं. मी शाळेत मराठीचा मास्तर. ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, हाताखाली आठ कारकून. एकदा कामानिमित्त त्यांच्या कचेरीत गेलो, तर हे चष्मा नाकावर ओढून एका कारकुनाला झापत होते. आवाज हळू, पण समोरच्याचे कान लाल. आणि संध्याकाळी सहाला तालमीच्या हॉलवर पाहतो तर हेच गृहस्थ दाराशी उकिडवे बसलेले. समोर आठ खुर्च्या रिकाम्या. मी म्हटलं, "अहो, खुर्चीत बसा ना."

"नाई सर. एकडाव खुर्चीत बसलो का पायाले मालकी चढते. मंग तीन दिवस उतरत नाई."

असा सगळा मामला. नाटक ठरलं की ते पहिल्यांदा खांद्यावरच्या टावेलाची तयारी करायचे. नवा टावेल आणायचे, तो महिनाभर सायकलच्या कॅरिअरला बांधून गावभर धूळ खात फिरवायचे, मग सोड्यात उकळून दगडावर आपटायचे. नव्या टावेलाचा गडी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता म्हणे. दोनच प्रवेश असायचे, त्यातलं एक वाक्य 'जी मालक'. पण त्या 'जी मालक'साठी हा माणूस तालमीला माझ्याआधी हजर. मला चार पानी भाषणं असून मी उशिरा पोचायचो.

चहा आणायचे त्यांचे सात प्रकार होते. रागावलेल्या मालकाचा चहा वेगळा, सावकार बसलेला असताना आणायचा चहा वेगळा, आणि नको असलेल्या पाहुण्याचा चहा तर असा आणायचे की कप ठेवायच्या आधीच लोक हसायला लागायचे. "मालक डोयानं सांगते, गडी कानानं पायते," असं त्यांचं एक म्हणणं होतं. त्याचा अर्थ मला बरीच वर्षं कळला नव्हता. मग लक्षात आलं की रंगमंचावर ते माझ्याकडे कधी पाहतच नाहीत. माझ्या आवाजावरून त्यांना कळायचं की मालकाला आता पानाचा डबा लागणार. माझ्या आधी त्यांना कळायचं, हे विशेष.

अमरावतीच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस दिलं आणि मला काहीच नाही. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आता सांगायला लाज वाटते, पण नाही बोललो. सोळाव्या दिवशी ते घरी आले, पिशवीत आलुबोंडे होते. म्हणाले, "सर, तुमी बोलले नाई तर मी चहा कोणासाठी आणू?" यावर माणसानं काय करावं? आलुबोंडे खाल्ले, झालं.

आमच्या मंडळात जात कोणी पाळत नव्हतं. असं आम्ही सगळे म्हणायचो. ते बौद्ध, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. मी अमरावतीच्या जुन्या वकिलाच्या घराण्यातला. दिग्दर्शक म्हणायचा, चेहऱ्याला शोभेल ते काम द्यावं लागतं. तीस वर्षांत त्यांच्या अंगावर एकदाही कोट चढला नाही, आणि हे काही बरोबर नाही असं मीही कधी बोललो नाही. कोट मलाच मिळत होता ना.

एकदा जठारपेठेत भाजी घेत होतो. वांगी, अंबाडी, मेथी, दोन्ही हात भरलेले. मागे ते उभे होते. मी मागे न पाहता पिशवी त्यांच्यापुढे केली आणि त्यांनी ती घेतली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुढच्या दुकानापर्यंत गेलो तेव्हा त्यांच्यासोबतच्या माणसानं विचारलं, "साहेब, हे कोण?" तो त्यांच्या कचेरीतला कारकून होता. मी पिशवी ओढून घ्यायला गेलो तर ते सोडेनात. हसून त्याला म्हणाले, "हे माहे मालक आहेत." कारकुनाला काही कळलं नाही, तो बिचारा नमस्कार करून मोकळा झाला. मी घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

आईची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, अमरावतीच्याच दुसऱ्या एका स्पर्धेहून परत येताना, सकाळच्या एसटीत. बडनेरा गेलं आणि ते एकदम बोलायला लागले.

"माही माय इथंच होती कामाले सर. क्यांपात. एका वकिलाच्या घरी. बाहेरचं काम. अंगण, शेण, लाकडं फोडनं. दुपारी लाकडं झाले का मांगच्या पायरीखाली उभी राहे. घरातलं कोणी तांब्या घेऊन ये अन वरून वते. आता वतणाऱ्याचं ध्यान कायले असते तिच्याकडं? कोणाशी बोलून राहिला, कोणाले हाका मारून राहिला. हात इकडं जाये, तिकडं जाये. धार सरकली का माय सरके. ओंजय धारेमांगं."

असं म्हणून त्यांनी सीटवर बसल्या बसल्या ओंजळ धरली आणि डावीकडे, मग थोडी उजवीकडे नेली. कंडक्टर आमच्याकडे पाहत होता.

"मंग मी नोकरीले लागलो, क्वार्टरात आणलं तिले. फ्रिज घेतला, स्टीलचे गिलास घेतले. पन गिलासानं तिची तहानच जाये नाई. म्हणे, वरून वत. अन पाहू नको. मी पाह्यलं का ते पिता पिता थांबे. मंग मी मान फिरवून वताचो. दहा वर्सं वतलं, ते जाईपर्यंत. कचेरीत साहेब, अन घरी मायले वरून पाणी वतून राहिलो."

मी विचारलं, "कोणत्या वकिलाकडे होत्या त्या?"

माझ्या आजोबांचा बंगलाही कॅम्पातच होता. ते त्यांना माहीत होतं.

"नाव काय करता सर," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "क्यांपात तवा वकीलच वकील." मूर्तिजापूर आलं, शेंगावाला चढला, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दोघंही रिटायर झालो. मंडळ मोडलं, म्हणजे भांडण वगैरे नाही, माणसंच उरली नाहीत. त्यांची बायको आधीच गेलेली, लेक नागपूरला. माझी बायकोही गेली. मुलगा-सून माझ्याजवळ आहेत, पण ते त्यांच्या मोबाइलात. मग मी रोज दुपारी चारला त्यांच्या घरी जायचो. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, एक खाट, आणि खुर्ची एकच. त्या खुर्चीत मी. त्या घरात खुर्ची माझ्यासाठीच होती हे मला फार उशिरा समजलं. एरवी दिवसभर तिच्यावर कोणी बसत नव्हतं.

अशात एका सिनेमाचं शूटिंग आलं. पुण्याची मंडळी, इंग्रजांच्या वेळचा काळ, अमरावतीतल्या एका वकिलाचं घर, घरातली माणसं आणि त्यांचे नोकर. स्वयंपाकीण, आतला गडी, बाहेरचा गडी, सगळ्यांची कहाणी. स्थानिक नट हवे होते. दिग्दर्शक तिशीतली एक मुलगी होती, डोक्याला रुमाल बांधून उन्हात दिवसभर उभी राहायची, हुशार. तिनं आम्हा दोघांना पाहिलं आणि जागच्या जागी निवड केली. मी वकीलसाहेब. ते बाहेरचा गडी. मी परतताना म्हटलं, "बघा, सिनेमातही सुटका नाही तुमची." ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, पैल्यांदा बाहेरचा गडी भेटला मले. माह्या मायचं काम."

स्क्रिप्टमध्ये एक प्रसंग होता. दुपार, गडी लाकडं फोडून थकलेला, ओसरीच्या कडेला बसून पितळी लोटीनं पाणी पितो. हे वाचून ते थेट दिग्दर्शिकेकडे गेले. तीस वर्षांत त्यांनी कोणत्याही दिग्दर्शकाला एक अक्षरही सुचवलं नव्हतं, मला आश्चर्यच वाटलं.

"मॅडम, बाहेरच्या गड्याले लोटी नसते. ओसरीबी नसते. तो खाली उभा राह्यते. वकीलसाहेब वरून वतते, दुसऱ्याशी बोलता बोलता. पाह्यत नाई. धार हालते, अन गडी धारेमांगं जाते."

तिनं लगेच होकार दिला. त्या दिवशी संध्याकाळी ते मला म्हणाले, "मायचा तरणेपणीचा एकबी फोटो नाई माह्याजवळ सर. हे एवढं राह्यलं तर राह्यलं. तुमी फक्त नीट वता."

आणि मला नीट ओतता येईना. पहिल्या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी पाहिलं नाही, पण हात आपोआप खाली गेला, तांब्या ओंजळीला टेकला. तिसऱ्या वेळी शेवटच्या क्षणी पुन्हा पाहिलं. मुलगी म्हणाली, "सर, थोडं दुर्लक्ष हवंय." मी भडकलो. म्हटलं, माणसाच्या ओंजळीत पाणी ओततोय, तिकडे नाही तर काय आभाळाकडे पाहू?  ते जवळ आले आणि मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, मी गडी हाव असं नका समजू. मी तिथं नाईच, असं समजा."

चौथ्या वेळी पक्षकार झालेला नट रंगात आला. वाटणीचा दावा होता, मलाही वाक्यं सुचायला लागली, मी पायरीवर बोलत बोलत सरकत गेलो, एक-दोन टोमणे मी पदरचे घातले. तांब्या कधी रिकामा झाला कळलं नाही. 'कट' ऐकू आलं आणि मी वळलो. ते सुरुवातीच्या जागेपासून चार पावलं लांब होते, वाकलेले, ओंजळ अजून पुढे, सदरा भिजून अंगाला चिकटलेला.  मेकअपवाली पोरगी रडत होती.

"जमलं सर," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरलेले, पण चेहरा असा खुलला होता की तसा मी कधी पाहिला नव्हता. मला मात्र धडकी भरली. अभिनय म्हणून मी काही केलंच नव्हतं. मी त्यांना विसरलो होतो, बस. आणि विसरायला मला काहीच जड गेलं नव्हतं.

पाच-सहा महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. सिनेमा लांबला होता, दहा मिनिटं काढायची होती. "पाण्याचा शॉट निर्मात्यांना नकोय. मला हवाय. तो तुमचाही मोठा शॉट आहे सर. तुम्ही ठाम असाल तर मी भांडते त्यांच्याशी."

मी माझ्या घरी एकटाच बसलो होतो. सिनेमा लागला की अमरावतीचं आमचं सगळं गणगोत पाहायला जाणार होतं. माझ्या तोंडावर आजोबा उतरलेत असं लहानपणापासून सगळे म्हणतात. म्हणजे पडद्यावर लोक मला पाहणार नव्हते, आजोबांना पाहणार होते, पायरीवर, तांब्या घेऊन. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं, आणि असलं तरी ते सांगून मी आता स्वतःला सजवणार नाही.

मी म्हटलं, "जरा लांबतोच तो. काढला तरी कथेला धक्का लागत नाही."

ती मग म्हणाली, "बरं सर."

अकोल्यात सिनेमा एकच आठवडा होता. त्यांनी बाराच्या खेळाला जुन्या कचेरीतली सातआठ माणसं आणली, लेक नागपूरहून आली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "पाण्याचा सीन पाहा." मी त्यांच्या शेजारी. 

अंगण आलं. लाकडं आली. त्यांची पाठ दिसली, कुऱ्हाड वर गेली, आणि पुढच्या क्षणी मी दिवाणखान्यात पक्षकाराशी बोलत होतो. लेकीनं वाकून विचारलं, "झाला का बाबा?" ते म्हणाले, "नाई, पुढं असन." पुढे दीड तास ते तसेच, मान पुढे काढून बसले. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला आला. मग ते उठले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं काम लय चांगलं झालं सर."

तेव्हा सांगायला हवं होतं. कचेरीची माणसं होती, लेक होती, अशी निमित्तं काय कमी असतात? नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चारला गेलो तर ते मोरीपाशी उभे. म्हणाले, "सर, माहीच ओंजय चुकली असन. कॅमेऱ्याले सारं दिसते. खोटं असन त्यात काही, म्हणून काढलं त्यायनं. जरा वता बरं."

आणि मी ओतलं. काय सांगू, ओतलं. स्टुलावर उभा राहून, तांब्या धरून, मान फिरवून. ते ओंजळ धरायचे, सरकायचे, मग थांबून विचार करायचे. बोटं जास्त मिटली का? कोपर वर गेलं का? माय थोडी डावीकडून वाके का? रोज दुपारी हा उद्योग. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे धरलेले, फरशी ओली, घसरायची भीती. मी म्हणायचो, जाऊ द्या ना आता. तर म्हणायचे, "नाई सर, सापडन." असे दोन महिने गेले. दोन महिने मी रोज पाणी ओतून घरी येत होतो आणि रात्री जेवण जात नव्हतं.

एका दुपारी त्यांचा पाय खरंच घसरला. भिंत धरली म्हणून बचावले. मी स्टुलावरून उतरलो आणि बोलून गेलो, "तुमची काही चूक नाही. शॉट मी काढायला लावला. तिला ठेवायचा होता. मी नको म्हटलं."

ते भिंत धरूनच उभे राहिले. नळ टपकत होता. 

"काहून?"

"आमचे लोक पाहतील म्हणून."

 मग त्यांनी विचारलं, "मंजे ओंजय बरोबर होती?"

"होती," मी म्हटलं. "एकदम बरोबर होती."

ते खाली बसले, ओल्या फरशीवरच. म्हणाले, "इतले दिवस मी मायलेच दोष देऊन राहिलो होतो सर. म्हटलं, तिनंच मले काही खोटं दाखवलं का काय." आणि मग ते रडले. ते रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हात पुढे केला तर त्यांनी नुसतं इतकंच म्हटलं, "तुमी जा आता."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आलो, कारण मला दुसरीकडे जाण्यासारखं ठिकाणच नव्हतं. दार आतून लावलेलं. कडी वाजवली. आत पावलं आली, दारापाशी थांबली.

"कोण?"

मी नाव सांगितलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या दाराशी नाव सांगायची पाळी मला आली नव्हती.

आतून मग त्यांचा आवाज आला, पण तो नाटकातला, खांद्यावर टावेल टाकल्यावर निघायचा तो, नम्र, कमरेत वाकलेला.

"सायेब घरी नाईत."

मी दाराला हात लावून उभा राहिलो. विचारलं, "केव्हा येतील?"

"सांगून नाई गेले."

त्यानंतर मी चार वेळा गेलो. चारही वेळा तेच प्रश्न आणि तीच उत्तरं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाचव्या खेपेला कुलूप होतं, लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली होती, आणि तिथून मला फोन आला तो अंत्यविधीचा. मी नागपूरला गेलो, लोकांच्या मागे उभा राहिलो. लेकीनं मला ओळखलं आणि माझ्यासाठी आतून खुर्ची आणवली.